हुकण्याची धास्ती : विद्यार्थ्यांच्या एका भीतीचा इतिहास

या मालिकेत आपण आजवर किल्ले, तह, दुष्काळ, छापखाने अशा विषयांवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, बाई आज वाट चुकल्या. आज मला 'फोमो'बद्दल बोलायचं आहे. 'फिअर ऑफ मिसिंग आउट' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. आपण मराठीत म्हणतो, गाडी हुकली, संधी हुकली. तसं आपल्यावाचून कुठेतरी काहीतरी छान चाललंय आणि आपलं ते हुकतंय, ही सततची धास्ती म्हणजे फोमो.

हा विषय तुम्हीच माझ्यापुढे आणला. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली इथे शिकणारी मराठी मुलं-मुली व्याख्यानांखाली लिहितात. बोलणं इतिहासाचं असतं, पण मधेच कुणी लिहितं की बाई, बाकी सगळे मजेत आहेत, माझंच काहीतरी चुकतंय. मग एखादे पालक लिहितात, मोबाइलच काढून घ्यावा का? मुलं स्वतःला दोष देतात आणि पालक मुलांना.

मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवते. मानसशास्त्र माझा विषय नाही. पण या भीतीला इतिहास आहे, तिला तारखा आहेत. त्या कळल्या की 'दोष कुणाचा' हा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. म्हणून आज हा भाग.

शब्द कुठून आला

आधी शब्दाचं पाहू. डॅन हर्मन नावाचे बाजारपेठेचे एक अभ्यासक. १९९०च्या दशकात ग्राहकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की लोक एखादी वस्तू हवी म्हणूनच घेतात असं नाही. आपल्या हातून काही सुटेल या भीतीनेही घेतात. २००० साली त्यांनी यावर लेख लिहिला. म्हणजे ही भीती पहिल्यांदा अभ्यासकाच्या नजरेत भरली ती आजार म्हणून नव्हे, माल विकण्याची किल्ली म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'फोमो' हे नाव रूढ झालं ते विद्यापीठाच्या आवारातून. मे २००४. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 'हार्बस' या विद्यार्थी वृत्तपत्रात पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्याने एक मिश्कील लेख लिहिला. विषय होता सोबतच्या मुलांची धावपळ. आमंत्रणं ढीगभर, आणि प्रत्येक ठिकाणी हजेरी लावायचीच. या धावपळीला त्यांनी 'फोमो' म्हटलं. तिला एक जोडीदारही दिला, 'फोबो', म्हणजे याहून चांगलं काही मिळेल म्हणून कशालाच नक्की हो न म्हणणं. या दोघांच्या कात्रीत सापडलेला माणूस शेवटी काहीच करत नाही, असा त्या लेखाचा रोख होता.

त्या मुलांच्या हातात तेव्हा स्मार्टफोन नव्हता. आयफोन आला २००७ साली. तरी धास्ती होती. का होती? कारण आवारात एकाच वयाची, एकाच शर्यतीतली शेकडो माणसं एकत्र राहत होती, आणि निवडायला गोष्टी इतक्या होत्या की एक धरली की दहा सुटत. म्हणून जे म्हणतात 'हे सगळं मोबाइलने केलं', त्यांचं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं विद्यापीठाच्या रचनेत आहे.

त्याआधी काय होतं

तुलना तर त्याहून जुनी. १९१३ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात पॉप मोमंड यांची चित्रमालिका सुरू झाली. एक कुटुंब शेजारच्या जोन्स कुटुंबाची बरोबरी करायला धडपडतं, एवढाच तिचा विषय. ती जवळजवळ पाव शतक चालली. यातली गंमत अशी की ते जोन्स कुटुंब चित्रात कधी दिसतच नसे. ज्यांच्याशी बरोबरी करायची ते कायम पडद्याआड.

१९५४ साली लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने याची उपपत्ती मांडली. स्वतःला जोखायला पक्कं माप नसेल तेव्हा माणूस दुसऱ्या माणसांकडे पाहतो, आणि पाहतो तेही आपल्यासारख्यांकडे. टाटा-बिर्लांशी आपण तुलना करत नाही, बाकावर शेजारी बसणाऱ्याशी करतो. आता अठरा-एकोणीस वर्षांचं वय घ्या. घर सुटलेलं, आपण कोण हे अजून ठरायचंय, आणि अवतीभवती सगळे आपल्याच वयाचे. तुलनेला याहून सुपीक जमीन कुठली?

मग जुन्या पिढीला हा त्रास कमी का झाला? आम्ही फार समंजस होतो म्हणून नव्हे. माझंच सांगते. १९९०च्या सुमारास मी वसतिगृहात होते. आमच्या वर्गाची सहल वेरूळ-अजिंठ्याला गेली. पैशांची सोय झाली नाही, मी मागे राहिले. वाईट वाटलं, रडलेसुद्धा. पण ते चार दिवस सहलीत काय चाललंय हे मला कळायची काही सोयच नव्हती. मुली परतल्या, दोन संध्याकाळी गप्पा रंगल्या. छत्तीस फोटोंचा एकच रोल. तो धुऊन यायला तीन आठवडे लागले, तोवर सगळ्या परीक्षेच्या मागे लागल्या होत्या. माझं हुकलं होतं, ते मला एकदा कळलं आणि नंतर विरून गेलं.

आमच्या दुःखाला तीन कुंपणं होती. पहिलं अंतराचं : दूरचं दिसत नसे. दुसरं वेळेचं : बातमी उशिरा येई. तिसरं विसरण्याचं : आठवण फिकी होई. कुणी मुद्दाम घातलेली नव्हती ती. टपाल, एसटीडी बूथ आणि फिल्म रोल यांच्या मर्यादांमुळे आपोआप पडलेली होती. पुढचा इतिहास या तीन कुंपणांच्या मोडण्याचा आहे.

४ फेब्रुवारी २००४ : वसतिगृहातली खोली

मॅकगिनिस यांचा लेख छापून यायच्या तीन महिने आधी त्याच हार्वर्डच्या एका वसतिगृहातून मार्क झुकरबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी 'द फेसबुक' सुरू केलं. बिझनेस स्कूल चार्ल्स नदीच्या एका काठाला, हे वसतिगृह दुसऱ्या. एकाच वर्षी, एकाच विद्यापीठात, नदीच्या एका बाजूला भीतीला नाव मिळालं आणि दुसऱ्या बाजूला तिचं यंत्र तयार झालं. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता. पण जमीन एकच होती.

सुरुवातीला फेसबुक सर्वांसाठी नव्हतं. विद्यापीठाचा ईमेल पत्ता असेल तरच प्रवेश. हार्वर्डनंतर कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल असं ते एकेका विद्यापीठात उघडत गेलं. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी टप्प्याटप्प्याची तारीखवार नोंद म्हणजे घबाडच. कारण एकाच महिन्यात एका कॉलेजात फेसबुक आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दोन्हीकडच्या मुलांची तुलना करता येते.

ब्रागिएरी, लेवी आणि मकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. अमेरिकेतल्या ७७५ कॉलेजांत फेसबुक केव्हा पोचलं त्या तारखा, आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या पाहणीतली उत्तरं, असं त्यांनी शेजारी ठेवलं. २०२२ साली त्यांचा लेख आला. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य सरासरीने खालावलं, आणि मन ठीक नसल्याने अभ्यासावर परिणाम झाला असं सांगणारी मुलंही वाढली. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते तुलनेवर.

जास्त झळ कुणाला बसली, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कॉलेजच्या आवाराबाहेर राहणाऱ्यांना, पैशाने कमी असणाऱ्यांना. जी मुलं आधीच काठावर होती त्यांना आतला सोहळा आता रोज दिसू लागला. आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाटेची लोकल किंवा एसटी धरून येणारा, संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची म्हणून चारला निघणारा मुलगा. वसतिगृहातल्यांची संध्याकाळ त्याला पूर्वी माहीतही नसे. अंतराचं कुंपण पहिल्यांदा मोडलं ते अशांसाठी.

५ सप्टेंबर २००६ : न संपणारं पान

पहिली दोन वर्षं फेसबुकवर दुसऱ्याचं काय चाललंय ते पाहायचं तर त्याच्या पानावर आपण होऊन जावं लागे. ५ सप्टेंबर २००६ला 'न्यूज फीड' आलं. आता कुठे जायची गरज उरली नाही. कोण कुणाशी मैत्री करतंय, कुणी फोटो टाकलाय, सगळं एका रांगेत तुमच्या पुढ्यात.

तेव्हा विद्यार्थ्यांनी काय केलं हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांनी बंड केलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या बेन पार या विद्यार्थ्याने न्यूज फीडविरोधी गट काढला आणि काही दिवसांत लाखो विद्यार्थी त्यात सामील झाले. कंपनीला खुलासा करावा लागला, खासगीपणाच्या नव्या सोयी द्याव्या लागल्या. फीड मात्र राहिलं. विरोधाची बातमी इतकी झपाट्याने पसरली तीही त्याच फीडमुळे, आणि कंपनीला आपली गोष्ट चालते याचा पुरावा त्यातच मिळाला.

म्हणून 'या पिढीला हेच हवं होतं' असं कुणी म्हणालं की मी ही तारीख सांगते. पहिली हरकत विद्यार्थ्यांनीच घेतली होती.

त्याच वर्षी एझा रॅस्किन या आरेखकाने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली, बोटाने सरकवत राहायचं आणि खाली नवं येतच राहतं. वर्तमानपत्र संपतं, पुस्तक संपतं, गप्पाही जेवणाच्या घंटेला संपतात. हे संपेना. रॅस्किन यांनी पुढे स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २००९ साली 'लाइक'चं बटण आलं आणि कौतुकाला आकडा चिकटला. वेळेचं कुंपण असं मोडलं.

आपल्याकडे

भारतातल्या कॉलेजांनी यातला पहिला टप्पा 'ऑर्कुट'वर अनुभवला. तेही २००४चंच. पण तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागत. वेळ संपली की उठायचं. ते कुंपण खिशाचं होतं, पण कुंपण होतं.

२०१६च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामने 'स्टोरी' आणली, चोवीस तासांत नाहीशी होणारी. आणि ५ सप्टेंबर २०१६ला, न्यूज फीडला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, जिओची सेवा सर्वांसाठी सुरू झाली. पहिले काही महिने इंटरनेट फुकट. योगायोग असा की आपल्याकडे तो शिक्षक दिन. तालुक्याच्या गावातला मुलगाही दिवसभर जोडलेला राहू लागला. स्टोरीची मेख अशी की ती नाहीशी होते म्हणून आत्ताच पाहावी लागते. हर्मन यांनी ओळखलेली ती विक्रीची किल्ली आठवते ना? 'स्टॉक संपेपर्यंत' हे दुकानातलं वाक्य मित्राच्या वाढदिवसाला लागलं.

बाहेरच्या राज्यात शिकणाऱ्या मराठी मुलांची यात दुहेरी कोंडी होते. भाद्रपदात घरी गौरी-गणपती, मामे-चुलत भावंडं जमलेली, आरतीचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर. इथे नेमकी मिड-सेमिस्टर परीक्षा. रात्री वसतिगृहातल्या बाकीच्यांची पार्टी चालू, तिथे भाषा वेगळी, विनोद वेगळे, जावं की नाही हे ठरत नाही. तिकडचंही हुकलं, इकडचंही. अशाच एका विद्यार्थिनीने मला लिहिलं, 'मी पार्टीला जाते, पण मजा येते म्हणून नाही. फोटोत मी नसले तर ते सगळ्यांना दिसेल म्हणून जाते.' पूर्वी फक्त आपल्याला कळे की आपण नव्हतो. आता आपण नव्हतो हे इतरांनाही कळतं, आणि त्याची नोंद राहते. मागच्या वर्षीच्या फोटोची आठवण फोन स्वतःहून करून देतो. विसरण्याचं तिसरं कुंपण असं गेलं.

शेवटच्या वर्षाला धास्तीचं रूप बदलतं. कुणाला इंटर्नशिप, कुणाला किती लाखांचं पॅकेज, कुणाचा परदेशी प्रवेश. ज्याला नोकरी मिळाली त्याची पोस्ट येते. ज्याला चौथ्यांदा नकार आला त्याची कुठे येते?

दोनशे जणांची बेरीज

आता थोडं गणित, सोपंच आहे. समजा वसतिगृहात दोनशे मुलं आहेत. प्रत्येक जण महिन्यातून फक्त दोनदा बाहेर जेवायला किंवा फिरायला जातो. म्हणजे महिन्याला चारशे वेळा, रोजचे तेरा-चौदा जण. मी खोलीत मॅगी खात बसलेय आणि फोनवर रोज रात्री तेरा जण मजेत. मला वाटतं, सगळे रोज बाहेर जातात. प्रत्यक्षात प्रत्येक जण महिन्याचे अठ्ठावीस दिवस माझ्यासारखाच खोलीत असतो. मी माझ्या एका आयुष्याची तुलना दोनशे जणांच्या बेरजेशी करते. त्या बेरजेपुढे कुणीही हरेल.

दुसरं गणित स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली मांडलं. तुमच्या मित्रांना तुमच्याहून जास्त मित्र का असतात? पाच जणी घ्या. एकीला चार मैत्रिणी, बाकी चौघींना ती एकटीच. चौघींपैकी प्रत्येक जण पाहते की माझी मैत्रीण माझ्याहून चौपट लोकप्रिय. पाचांतल्या चार जणी स्वतःला कमी समजणार, आणि यात कुणाच्या स्वभावाचा काही दोष नाही. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत दिसतो, एवढंच. 'मीच एकटी आहे' असं वाटणाऱ्यांची संख्या म्हणूनच नेहमी मोठी असते.

भीती मोजली गेली तेव्हा

२०१३ साली अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी दहा विधानांची एक मापनपट्टी तयार केली. तिच्या चाचणीचा एक टप्पा विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरच झाला. ज्यांची धास्ती जास्त, ते उठल्या-उठल्या, झोपण्याआधी, जेवताना आणि चालू तासाला फेसबुक जास्त उघडत.

त्याहून मोलाचं दुसरं निरीक्षण. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाच्या तीन मूळ गरजा असतात : आपल्याला काही जमतं असं वाटणं, आपलं आपण ठरवतो असं वाटणं, आणि कुणाशी तरी जिव्हाळ्याने जोडलेलं असणं. या गरजा ज्यांच्या कमी भागतात, त्यांच्यात फोमो जास्त आढळला. म्हणजे ही बरीचशी भुकेची खूण आहे. भूक लागलेल्याच्या हातातून ताट काढून घेतलं म्हणून भूक जात नाही, मग ताटात नुसते चिरमुरे का असेनात. मोबाइल काढून घेणाऱ्या पालकांना माझं हेच सांगणं आहे. काढून घ्यायचा तर त्या जागी काय ठेवणार, ते आधी ठरवा.

मात्र मर्यादेचा उपयोग होतो, हेही खरं. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि खिन्नता कमी झाली. गंमत म्हणजे फोमो मात्र दोन्ही गटांत उतरला, ज्यांनी वापर कमी केला नव्हता त्यांचाही. संशोधकांचा अंदाज असा की आपण किती वेळ घालवतो याची नोंद ठेवल्यानेच हे झालं असावं. आपण काय करतोय याकडे नुसतं नीट पाहिलं तरी पकड थोडी सैल होते.

मग करायचं काय

मी उपाय सांगणारी बाई नाही. इतिहासातून मला दिसतं ते एवढंच की जी कुंपणं पूर्वी आपोआप होती, ती आता हाताने घालावी लागतील. आणि ती एकट्या मुलाने घालून भागणार नाही. सगळे ग्रुपवर असताना एकाने बाहेर पडणं म्हणजे नवं हुकणं. चार मैत्रिणींनी मिळून ठरवलं की जेवणाच्या टेबलावर फोन उलटा ठेवायचा, तर ते जमतं. वसतिगृहाने संध्याकाळचा एक तास मैदानासाठी, वाचनालयासाठी, गाण्यासाठी राखला तर ते जमतं. लोकलने येणाऱ्यांना सहभागी होता येईल अशा वेळी स्नेहसंमेलनाच्या तालमी ठेवल्या, तर सर्वांत जास्त झळ बसणाऱ्यांना आधार मिळतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला एखादी तरी गोष्ट मनापासून जमायला लागणं, आणि 'जेवलास का?' असं विचारणारं एक माणूस मिळणं, यांचं मोल दहा व्याख्यानांहून जास्त आहे.

आणि ज्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, सगळं निरर्थक वाटायला लागलंय, त्यांनी हे फोमोवर ढकलून थांबू नका. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य असते, भारतीय भाषांत बोलता येतं. घरच्यांना किंवा एखाद्या शिक्षकाला सांगा.

आता शेवटी आमच्यासारख्यांबद्दल. मी ज्या मंचावर बोलते तोसुद्धा याच धास्तीवर चालतो. 'घंटा दाबा, म्हणजे पुढचा भाग हुकणार नाही' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. म्हणून आज मी ते म्हणत नाही. ही व्याख्यानं इथेच आहेत, आता पुस्तकरूपातही आहेत. परीक्षा झाल्यावर वाचा, पुढच्या वर्षी वाचा, काही बिघडत नाही.

पुढच्या भागात टपालखात्याचा इतिहास घेऊ.